‘शब्द दिला होता’ की आपणच धरून चाललो होतो?

‘एवढं राबूनही बढती दुसऱ्यालाच मिळाली. आता कामावरून मनच उडालंय. नोकरी सोडू का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बरेच असतात. त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बढती हुकल्यावर ते भांडले नाहीत, राजीनामाही दिला नाही. फक्त मीटिंगमध्ये बोलणं बंद केलं. नवख्यांना शिकवणं थांबवलं. पूर्वी दोनदा तपासून पाठवायचा रिपोर्ट आता ‘चालतंय की’ म्हणत पुढे ढकलू लागले. “जेवढा पगार तेवढं काम, मॅडम,” हे वरून. झोप बिघडली होती, घरी चिडचिड होती. मी याला आळस म्हणत नाही. दुखावलेला माणूस असाच हात आखडता घेतो. पण पुढच्या मूल्यमापनात ‘पुढाकार कमी’ असा शेरा आला आणि आधीचा अन्याय कागदोपत्री योग्यच ठरला!

मी त्यांना वहीत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला सांगितल्या : साहेब नेमकं काय म्हणाले आणि तुम्ही त्यातून काय घेतलं. साहेबांच्या बाजूला एकच वाक्य आलं, “असाच काम करत राहा, पुढच्या खेपेला तुझं बघू.” दुसरी बाजू मात्र पानभर. ‘उशिरापर्यंत थांबतो ते दिसतच असेल.’ ‘टीममध्ये सर्वांत जुना मीच.’

“म्हणजे चूक माझीच?” ते उसळले.

तसं नाही. मोघम बोलून काम काढून घेणारे साहेब मी कमी पाहिलेले नाहीत. पण नेमणूकपत्राखेरीज प्रत्येकाच्या मनात आणखी एक करार असतो : मी इतकं देईन, त्या बदल्यात मला हे मिळेल. संशोधक डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये या ‘मानसशास्त्रीय करारा’ची मांडणी केली. गोची अशी, की त्यावर समोरच्याची सही नसते. एलिझाबेथ मॉरिसन आणि सँड्रा रॉबिन्सन या संशोधकांनी १९९७ मध्ये आणखी एक फरक दाखवला : दिलेला शब्द जाणूनबुजून मोडणं वेगळं आणि दोघांनी एकाच बोलण्याचे दोन अर्थ लावणं वेगळं. मनाला दोन्ही सारखंच लागतं, उपाय मात्र एक नाही. शब्द मोडला असेल तर जाब विचारायचा, नाहीतर आपली वाट शोधायची. अर्थच वेगळे लागले असतील, तर आधी बोलायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

शेवटी त्यांनी साहेबांची वेळ मागितली. गाऱ्हाणं मांडायचं नाही असं आमचं ठरलं होतं. विचारायचं ते इतकंच, की या पदासाठी माझ्यात काय कमी पडलं आणि पुढची जागा कधी निघेल. ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवायचं. उत्तर रोखठोक आलं : टीम सांभाळल्याचा अनुभव नाही, आणि जागा इतक्यात निघणार नाही. पहिली गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितलीच नव्हती. दुसरीने निर्णय सोपा झाला.

त्यांनी एका छोट्या प्रकल्पाची टीम मागून घेतली आणि बाहेर अर्जही सुरू केले. मी अडवलं नाही. नोकरी बदलणं म्हणजे पळ काढणं नव्हे. फक्त हातातलं काम बिघडवून निघालं, तर नव्या ठिकाणच्या चौकशीत तेच आधी पोहोचतं. यावेळी होकार देण्यापूर्वी त्यांनी मूल्यमापन कोण करणार, बढतीचे निकष काय, हे विचारलं. एका कंपनीने उडवाउडवी केली. तिथे पगार जास्त होता, तरी ते गेले नाहीत.