गोव्यात भाड्याची गाडी घेण्यापूर्वी

स्वतः चालवण्यासाठी गाडी घेताना दर विचारण्याआधी नंबरप्लेट पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडीच अशा भाड्यासाठी नोंदवलेली असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी अपघातानंतर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. ‘फुल इन्शुरन्स आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. टायर आणि गाडीचा तळ त्यातून अनेकदा वगळलेला असतो, म्हणून तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, हे लेखी घ्या.

मडगाव स्टेशनबाहेर मी घाईत ताब्यात घेतलेल्या गाडीच्या मागच्या बंपरखाली बोटभर जुना ओरखडा होता आणि परत करताना त्याचे पैसे माझ्या अनामत रकमेतून कापले गेले. चावी हातात घेण्याआधी गाडीभोवती सावकाश फिरून व्हिडिओ काढा आणि तो तिथल्या तिथे मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा.