सागवान महागलं म्हणून पीककर्ज थकवायचं?

पत्र चिमूर तालुक्यातून आलं आहे, ताडोबाच्या कोलारा गेटकडून. वय ३८, दहा एकर धान, घरी आई, बायको आणि दोन मुलं. शेतात १२ बाय १६ फुटांची लाकडी खोली उभारून पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार आहे. सुताराने ११० घनफूट सागवानाची यादी दिली आहे. आरा मशीनवाला ४,२०० रुपये घनफूट सांगतो, दोन वर्षांपूर्वी तोच ३,००० सांगत होता. विचारलं आहे ते इतकंच: भाव आणखी चढायच्या आत लाकूड घेऊन ठेवू का, आणि स्वस्त कुठे मिळेल?

पैशाची सोय त्यांनी आधीच लावून ठेवली आहे. धान विकून खात्यात २ लाख ७० हजार आहेत, चार हप्ते भरलेली एक पॉलिसी मोडायची, उरलेले बायकोच्या सोन्यावर काढायचे. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: "बँकेचं पीककर्ज २ लाख ४० हजार आहे, मार्चअखेर भरायचं आहे, पण माफी होणारच म्हणतात म्हणून यंदा भरत नाही."

भाऊ, लाकडाचं मागाहून बघू. आधी ही ओळ.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून तुम्हाला ते शून्य टक्क्याने पडतं. एवढं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. तारीख चुकली की सवलत गेली. सरलेल्या वर्षाचं ७ टक्क्यांनी व्याज लागेल, साधारण १७ हजार. थकल्यावर बँकेचा नेहमीचा दर, ११-१२ टक्के धरा, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी २८ हजार. खातं थकीत असेल तर जूनमध्ये नवं पीककर्ज मिळणार नाही. दहा एकरांच्या रोवणीला, खताला, मजुरीला दीड लाख तरी लागतात. ते सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी आणले तर आठ महिन्यांचे ३६ हजार. बेरीज ८० हजारांच्या घरात जाते. सिबिल खराब होईल ते वेगळंच.

आणि माफीचं म्हणाल, तर २०१७ आणि २०१९ च्या दोन योजना नीट आठवा. २०१७ मध्ये मर्यादा दीड लाखाची होती. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ही तारीख धरली आणि त्या दिवशी ज्याच्याकडे दोन लाखांपेक्षा जास्त थकीत होतं त्याचं खातं बसलंच नाही. तुमचं २ लाख ४० हजार आहे. माफीची तारीख बहुतेक वेळा मागची असते. आज मुद्दाम थकवलेलं कर्ज त्या तारखेत बसेलच, हे तुम्हाला कोणी लिहून दिलं आहे? शिवाय दोन्ही वेळा नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहन मिळालं: २०१७ ला २५ हजारांपर्यंत, २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत. पारावरच्या गप्पांत हा भाग कोणी सांगत नाही.

तेव्हा मार्चअखेरच्या आत २ लाख ४० हजार भरून टाका. पैसे हाताशी आहेत, नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं काढायला, चार दिवसांसाठी सावकाराच्या दारात जायचीही गरज नाही. हाती ३० हजार उरतात. खोली त्यातूनच सुरू करायची, कशी ते पुढे सांगतो. जूनमध्ये येणारं नवं पीककर्ज धानाचंच, खोलीचं नाही.

आता पॉलिसी. "पाच वर्षं भरा, दुप्पट होतील" असं सांगून पीककर्जाच्या काउंटरवर गळ्यात मारलेली ३० हजार हप्त्याची पॉलिसी. ही एफडी नाही. बॉण्ड उघडून हप्ता भरण्याची मुदत आणि परिपक्वतेची तारीख वेगवेगळी वाचा, पाच वर्षांत पैसे परत येतील असं त्यावर कुठेच नसेल. असल्या पॉलिसीत सगळे हप्ते भरूनही हाती पडणारा परतावा साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतो. चार हप्त्यांनंतर मोडली तर भरलेल्या १ लाख २० हजारांतले साधारण निम्मे, म्हणजे ६० हजारांच्या आसपास हाती येतील. ६० हजारांचा तोटा पदरात घेऊन लाकूड घ्यायचं, याला काय म्हणावं! मोडू नका, पाचवा हप्ताही भरू नका. शाखेत लेखी अर्ज देऊन ती पेड-अप करून घ्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू. मुदत संपल्यावर जे मिळायचं ते मिळेल. हप्त्याचे जे ३० हजार वाचतील त्यातून ५० लाखांचा साधा टर्म विमा आणि घरच्यांचा आरोग्य विमा बघा. पाच माणसांच्या घरात एकटे कमावणारे तुम्हीच आहात. आणि सोनं कपाटातच राहू द्या.

भाड्याचा हिशोब तुम्ही लिहिला आहे: रात्रीचे ३,०००, महिन्याला २० रात्री, वर्षाचे ७ लाख २० हजार. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, दर मंगळवारीही तिथे सफारी नसते, आणि गेटजवळच्या रिसॉर्टांसमोर तुमची एक खोली. नऊ महिने, महिन्याला सहा रात्री, १,८०० रुपये धरा. ९७ हजार होतात. चादरी, जेवण, वीज, बुकिंगवाल्याचं कमिशन गेलं की ५० हजार उरले तर देवाची कृपा. म्हणजे खोली दीड-दोन लाखांत बसली तरच परवडते. नुसत्या लाकडावर ४ लाख ६२ हजार घालणं या धंद्याला झेपणारं नाही.

म्हणून भाव शोधण्याआधी यादी कापा. ११० घनफूट लागतात ते भिंती आणि छत लाकडाचं धरल्यामुळे. चंद्रपूर भागात राखेच्या विटा सहज मिळतात, भिंती त्यांच्या करा. छताला लोखंडी चौकोनी पाइप आणि टिन, खालून बांबूच्या तट्ट्याची सिलिंग. पर्यटकाच्या डोळ्यांना तट्ट्या आणि दारंच दिसतात. बांबू तीन वर्षांवरचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या, आणि बोरिक-बोरॅक्सच्या ५ टक्के पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच वर्षी त्यातून भुसा गळू लागतो. सागवान फक्त चौकटी, दार, खिडक्या आणि पडवीच्या खांबांना. एका चौकटीला ४ बाय अडीच इंची जाडीचं साडेसतरा फूट लाकूड, म्हणजे सव्वा घनफूट. दोन चौकटी, दोन खिडक्या, एक दार, आठ फुटी चार खांब मिळून साडेबारा, तूट-फूट धरून १५ घनफूट. आजच्या भावाने ६३ हजार. भाव वर्षभरात १५ टक्के चढला तरी तुमचं नुकसान साडेनऊ हजारांचं. ते वाचवायला तुम्ही ८० हजारांचं व्याज अंगावर घेत होतात.

बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोत स्वस्त मिळतं ही समजूत अर्धीच खरी. तिथे गोल लाकडाचा लॉट लिलावात घनमीटरवर विकला जातो, आणि एका घनमीटरचे ३५.३ घनफूट. समजा बोली १ लाखाला सुटली, तर घनफूट २,८०० ला पडलं. पण चिरून निम्मं किंवा फार तर साठ टक्के लाकूड हाती येतं, म्हणजे चिरीव ५,००० च्या आसपास, वर जीएसटी, चिराई आणि गाडीभाडं. १५ घनफुटांसाठी हा उद्योग नको. चार-पाच गावकरी मिळून लॉट घेणार असाल तरच जा.

तुमच्यासाठी खरा स्वस्त माल गावातच आहे. घरकुल मंजूर झालं की लोक कवेलूचं (कौलारू) जुनं घर पाडतात. त्यातले सागाचे मयाल (आडव्या तुळया), खांब, फाटे पुष्कळदा जळाऊ लाकडाच्या भावात जातात. आजूबाजूला विचारा, २,००० च्या आत चांगलं मिळालं तर ३० हजारांत तुमचे १५ घनफूट झाले. घेताना टोक आणि खाचा कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका, पोकळ वाजलं की आत उधई (वाळवी) गेलेली आहे. कडेचा पांढरा भाग मोजणीत धरू नका, किडे आधी तोच खातात. खिळे स्वतः उपटून मगच आरा मशीनवर न्या, पातं तुटलं तर त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतील. सुताराला विचारा, यादीतलं माप चिरीव आहे की रंधा मारल्यानंतरचं. चार इंच म्हणून घेतलेलं साडेतीन निघतं ते इथेच.

लाकूड वर्षभर ठेवायचं तर विटांवर जमिनीपासून फूटभर उंच, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचा. टोकांना जुना ऑइलपेंट फासा, मे महिन्यातल्या ४५ अंशांत टोकंच आधी तडकतात. बसवताना चौकटीचे पाय डांबर लावून दगडावर टेकवा, मातीत गाडू नका.

कोणी २,००० ला ताजं सागवान रात्री आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. वन विभागाच्या हातोड्याची निशाणी आणि वाहतूक परवाना नसेल तर लाकडाबरोबर गाडीही जप्त होते, आणि ट्रॅक्टर तुमचा असेल तर त्याचे हप्ते चालूच राहतात. जुन्या लाकडासाठीही विकणाऱ्याचं लेखी आणि ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच गाडी भरा. पत्रात लिहिलेले बांधावरचे सहा साग तोडायचे तर सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते आधी बघा, साग परवानगीशिवाय तोडता येत नाही. अशी परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत बाभूळ नाही, पडवीचे खांब बाभळीचे केले तरी चालतील.

विटा टाकण्याआधी एक चक्कर तलाठी कार्यालयात आणि एक वन विभागात मारा. ताडोबाभोवतीच्या पट्ट्यात शेतजमिनीवर भाड्याची खोली बांधायला काय परवानग्या लागतात, ते लेखी मागा. आणि मीटर वेगळं घ्या, शेतीपंपाच्या जोडणीवर पाहुण्यांचा पंखा चालवाल तर दंडाचं बिल तुमच्याच नावाने येईल.