म्हैस कडब्यावर दूध देते, मग ज्वारीचे दाणे जास्त खाल्ले की आजारी का पडते?
कारण कडबा ती स्वतः पचवतच नाही, पोटातले जंतू पचवतात. चार कप्प्यांपैकी पहिला रुमेन, मोठ्या जनावरात 100 लिटरच्या आसपास, त्यात चारा आंबत राहतो आणि ती 7-8 तास रवंथ करते, त्या लाळेने आम्ल आटोक्यात राहतं. आमच्याकडे चोपड्याला दादर (रब्बी ज्वारी) खळ्यात पडलेली अन् म्हैस सुटली, रात्रीतून दोन घमेली दाणे हाणले, सकाळी रवंथ बंद, डावी कूस दाबली तर कणकेसारखी, शेण पातळ आंबूस. दाण्याचा स्टार्च झटक्यात आंबतो, लॅक्टिक ॲसिड वाढतं न चाऱ्याचे जंतूच मरतात. घरगुती काढे पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा. घोड्याचं वेगळंय, त्याचा चारा मागे मोठ्या आतड्यात आंबतो, म्हणून लिदीत काड्या दिसतात.