अश्वगंधा घे, पण आधी रक्त तपासून ये

प्रिय पोरी,

तुझ्या शेल्फचा फोटो बघितला. अश्वगंधाच्या गमी, शतावरी कल्प, ब्राह्मीच्या कॅप्सूल, 'हॉर्मोन बॅलन्स' छापलेला चहा, केसांसाठी बायोटिन आणि मागे कोपऱ्यात अशोकारिष्टाची बाटली. खाली तुझा मेसेज, "मॅडम, पाळी पुढे जातीये, ताण आहे, झोप नाही, केस गळतायत, म्हणून घेतीये. सगळं नॅचरलच आहे, चालेल ना?" आधी हसले, मग चिडले, मग म्हटलं फोनवर बोलले तर रागवेन, त्यापेक्षा लिहिते.

अगं, तू हिंजवडीत बसून दिवसभर काय करतेस? कुणीतरी कुठलं तरी औषध घेतलं आणि त्याला काय त्रास झाला याच्या केसेस भरतेस. एखाद्या पेशंटने एकाच दिवशी सहा औषधं सुरू केली आणि पुरळ उठलं, तर त्याचा नॅरेटिव्ह, म्हणजे केसची हकीकत, लिहिताना तू किती वैतागतेस हे तूच मला सांगितलंयस, सस्पेक्ट ड्रग, म्हणजे त्रासाला जबाबदार औषध, कुठलं धरायचं म्हणून. आणि घरी येऊन स्वतःवर तेच! उद्या झोप लागायला लागली तर कशाने लागली सांगशील? आणि उद्या मळमळायला लागलं तर?

सगळ्यात आधी, मी काही जडीबुटीच्या विरोधात नाही. एकवीस वर्षं फार्माकोग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पतींचं शास्त्र, शिकवलीये, मुळं-सालींचे सेक्शन कापण्यात आयुष्य गेलं. उलट त्यांच्यात दम आहे हे मला माहितीये म्हणूनच भीती वाटते, जे काम करतं ते चुकीच्या जागी पण काम करतंच की.

माझंच सांगते. लेक्चर घेऊन घसा बसायचा म्हणून मी ज्येष्ठमधाची काडी चघळायचे, एक-दोन दिवस नाही, जवळजवळ आख्खं सेमिस्टर, पर्समध्ये पुडीच असायची. मग पायाला सूज, डोकं जड, बीपी कधी नव्हे ते १६०/१०० आणि रक्तात पोटॅशियम कमी. डॉक्टरांनी विचारलं काही औषध चालू आहे का, मी म्हटलं काही नाही! ज्येष्ठमध मला औषध वाटलंच नाही ना. आणि हेच मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे, की त्यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं, ते एन्झाइम एरवी तिथल्या कॉर्टिसोलला, म्हणजे ताणाच्या हॉर्मोनला, निष्प्रभ करतं, ते अडलं की कॉर्टिसोल तिथे अल्डोस्टेरोन या दुसऱ्या हॉर्मोनसारखं वागायला लागतं, मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. मुलांना शिकवायचं आणि स्वतः काडी चघळायची. काडी बंद केल्यावर काही आठवड्यांत बीपी खाली आलं. तुमच्या भाषेत पॉझिटिव्ह डीचॅलेंज, बंद केलं आणि त्रास गेला. तर तुझ्या त्या चहाच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय काय आहे बघ, गोड लागतो म्हणालीस, मला ज्येष्ठमधाचीच शंका येतीये.

आता तो 'बॅलन्स' शब्द. हॉर्मोन म्हणजे काय मंडईतला तराजू आहे का, दोन्ही पारडी समान केली की झालं? कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं आणि रात्री उतरतं, ते तसंच असायला हवं. तुझी शिफ्ट रात्री अकराला सुटते, कॅब घरी सोडते साडेबाराला, मग दोनपर्यंत फोन, आणि सकाळी आईच्या कुकरच्या शिट्टीने सातला जाग. मेंदूतून बीजकोशांना जे इशारे जातात ते अशा ताणात, कमी झोपेत आणि उपाशीपोटी मंदावतात, म्हणून पाळी पुढे जाऊ शकते. पण थायरॉइडमुळेही जाते, प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन) वाढल्यानेही जाते, पीसीओएसमुळेही (बीजकोशांशी निगडित हॉर्मोनचा बिघाड) जाते, आणि (लाजू नकोस) दिवस गेल्यानेही जाते. हे कुठलं आहे ते गमीला कसं कळणार?

म्हणून आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टरला दाखवून टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचबीएवनसी (साखरेसाठी). सोनोग्राफी लागेल का ते डॉक्टरबाई ठरवतील. आणि ते बायोटिन आजच बंद कर, रक्त देण्याच्या किमान दोन दिवस तरी आधी, कारण मोठ्या डोसचं बायोटिन काही लॅबच्या मशीनला फसवतं, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि थायरॉइड वाढलंय असं वाटतं. केस गळायचं कारण थायरॉइड किंवा कमी लोह असायचं आणि केसांच्या गोळीनेच रिपोर्ट बिघडायचा, असली गंमत नको.

अशोकारिष्ट तर आत्ताच्या आत्ता बाजूला ठेव. ते मुख्यतः अंगावरून जास्त जातं तेव्हा देतात, तुझी तक्रार नेमकी उलटी आहे! शिवाय ते आंबवलेलं असतं, धायटीची फुलं घालून, त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, लेबलवर लिहिलेलं असतं ते, वाच. आणि अशोकाची अजून एक गंमत, तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला ओळीने उभी असलेली सरळसोट झाडं, ज्यांना आख्खं पुणं अशोक म्हणतं, तो आसुपालव. औषधातला तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचे झुबके येतात तो, आणि तो इतका कमी उरलाय की बाजारात त्याच्या सालीत आसुपालवाची साल मिसळतात. प्रॅक्टिकलला तुम्हाला दोन्ही साली दिल्या होत्या, तू तेव्हा मागच्या बेंचवर डबा खात होतीस, मी पाहिलं होतं.

ब्राह्मीचंही तेच. आपल्याकडे एका दुकानात ब्राह्मी मागितली की नीरब्राह्मी देतात, दुसऱ्यात मंडूकपर्णी, दोन वेगळ्या वनस्पती. आमच्या प्रोजेक्टच्या मुलांना आम्ही सॅम्पल घेऊन पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवायला पाठवायचो ते उगाच नाही. आणि नीरब्राह्मीचा उपयोग दिसायचा तर अभ्यासांमध्ये साधारण बारा आठवडे लागलेत, तू चार दिवसांत "फरक नाही" म्हणून डोस वाढवलास, मग पोट बिघडणारच.

शतावरी वाईट नाही, माझ्या आजीने कित्येक बाळंतिणींना दुधातून दिली. पण पाळीसाठी तिचे माणसांवरचे पुरावे थोडे आहेत आणि तुझा तो कल्प म्हणजे बहुतांशी साखर. पीसीओएस निघालं तर रोज चार चमचे साखर दुधात घालून पितीयेस असं समज. घ्यायचीच तर साधं चूर्ण.

राहिली अश्वगंधा. तुझ्या ताणासाठी या सगळ्यात पुरावा त्यातल्या त्यात तिच्याच बाजूने. २०१२ मध्ये भारतातच ६४ लोकांवर एक अभ्यास झाला, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, आणि ताणाचे गुण आणि कॉर्टिसोल दोन्ही नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. छान आहे, पण ६४ म्हणजे तुमच्या वर्गाएवढी माणसं. आणि दुसरी बाजू, थायरॉइडचं हॉर्मोन ती वाढवू शकते, तू तुझ्या गमी आईलाही दिल्यास ना, तिची थायरॉक्सिनची गोळी चालू आहे, तिच्या गमी सगळ्यात आधी बंद कर. काही लोकांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. डेन्मार्कने तर हॉर्मोनवरचे परिणाम आणि गर्भपाताची शक्यता धरून २०२३ मध्ये बंदीच घातली. मला ती बंदी जरा अतीच वाटते, पण डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर घ्यायचीच नाही.

आणि मूळ बघ, पान नाही. स्वस्त अर्कात पानं घालतात, त्यात विथाफेरिन-ए नावाचं, पेशींना घातक ठरू शकणारं द्रव्य जास्त असतं, २०२१ मध्ये आयुष मंत्रालयालाही सांगावं लागलं की पानं वापरू नका. डबीवर 'रूट' लिहिलंय का, बॅच नंबर आहे का, आयुषचा परवाना आहे का की नुसता खाद्यपदार्थाचा आहे हे बघायचं, गमी बहुतेक दुसऱ्या गटातल्या. रिपोर्ट नीट आले आणि डॉक्टर हो म्हणाल्या तर रविवार पेठेतल्या एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी मुळी आणू, मोडून दाखवते तुला, आत पांढरी पिठूळ असते, वास घेतलास की नाव कशावरून पडलं ते लगेच कळेल, आयोडीनचा थेंब टाकला तर निळी पडते. आणि डोस विचारायचा तर रास्ता पेठेत ताराचंद रुग्णालयाच्या ओपीडीत वैद्यांना दाखव, रील बघून नको.

तोपर्यंत तुळशीची चार पानं आणि पुदिना चहात टाक, खुशाल. मात्र तो चहा संध्याकाळी सातचा नको, कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि तुमच्या ऑफिसखालच्या अमृततुल्यवर तू सहा कप पितेस हे मला तुझ्या स्टेटसवरूनच कळतं. शिफ्ट बदलून मागता येते का ते विचार, माझ्या मते या सगळ्या बरण्यांपेक्षा त्या एका मेलचा उपयोग जास्त होईल. आणि एक वही घे, तारीख, झोप किती तास, पाळी, काय घेतलं, काय वाटलं. एका वेळी एकच गोष्ट सुरू करायची, आठ आठवडे, मग थांबून बघायचं.

येत्या रविवारी सकाळी दहाला घरी ये. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आण, रिकाम्या पण, लेबलं वाचायचीत. गाडी आणू नकोस, आमच्या गल्लीत गणपतीचा मांडव पडलाय, बसने ये. आणि काही न खाता येऊ नकोस, थालीपीठ करते पण ते अकराला होईल.

तुझी,
मॅडम