रँक्डचं बटण कधी दाबायचं?

या वेळची सगळी पत्रं बडोद्याची आहेत. मोबाइलवरच्या बीजीएमआयबद्दलचं एक सोडलं तर बाकीची व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या कॉम्प्युटर गेमबद्दल, म्हणून उत्तरंही त्याच खेळाला धरून दिली आहेत. रँक्ड म्हणजे रँक ठरवणारे सामने, अनरेटेड म्हणजे रँकशिवायचे.

माझी लेव्हल 20 झाली आणि रँक्ड उघडलं. चार मित्र आजच बोलावतायत. अनरेटेडमध्ये मी कधी टीममध्ये पहिला असतो, कधी शेवटचा. लगेच सुरू करू का? — अकरावीतला वाचक, दांडिया बाजार

लेव्हल 20 ही हजेरी आहे, परीक्षेचा निकाल नव्हे. खेळात घालवलेल्या वेळाचे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, मिळतात, मग तू काहीही खेळ. स्पाईक रश आणि डेथमॅच हे छोटे खेळप्रकार खेळूनही 20 गाठता येते, आणि या दोन्हींत पैशांचा हिशेबच नसतो. स्विफ्टप्ले या छोट्या प्रकारात तो असतो, पण सामना पाच राउंड जिंकण्याचा, त्यामुळे चूक अंगावर येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. रँक्डचे मूळ नियम अनरेटेडमध्ये आहेत: 13 राउंड आधी जिंकायचे, 12 राउंडनंतर बाजू बदलायची. तेव्हा लेव्हल विसर आणि पूर्ण खेळलेले अनरेटेड सामने मोज. रँक्डच्या यादीत एका वेळी सात मॅप असतात. प्रत्येकावर पाचेक सामने झाले, म्हणजे एकूण 35 च्या आसपास, की मग विचार करावा. पंचवीसही चालतील, पण दहा नक्कीच कमी.

आता पैसा, कारण नवखे बहुतेक इथेच टीमला खड्ड्यात घालतात. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे 800 क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, असतात. समजा तू ते सगळे खर्च केलेस आणि राउंड हरलात. हरल्याचे 1900 मिळतात. चौघं काही घेत नाहीत, सेव्ह म्हणतात. तुला मात्र राहवत नाही, तू 1600 ची स्पेक्टर ही छोटी बंदूक घेतोस. एकट्या स्पेक्टरनं काही होत नाही, तो राउंडही जातो. सलग दुसऱ्या हारीचे 2400 येतात, तुझे 300 उरलेले, म्हणजे 2700. व्हँडल किंवा फँटम रायफल 2900 ची, जड चिलखत 1000 चं, मिळून 3900. चौघांकडे त्या वेळी 1900 अधिक 2400, म्हणजे 4300 आहेत. ते रायफल घेऊन उतरतात आणि तू पुन्हा स्पेक्टर घेऊन त्यांच्या मागे. तिसरा राउंड पाच विरुद्ध साडेचार असा सुरू होतो, आणि चॅटमध्ये जे ऐकू येतं ते इथे छापता येणार नाही. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती पैसे हातात येतील तो आकडा लिहिलेला असतो. तो न बघता काही घ्यायचं नाही, ही सवय अनरेटेडमध्येच लागली पाहिजे.

दुसरं, जागांची नावं. असेंट या मॅपवर ‘मार्केटमध्ये एक, हेवनवर एक’ असं कुणी ओरडलं की तुझं पात्र आपोआप त्या दिशेला वळलं पाहिजे. ‘हेवन म्हणजे वरचं ना?’ एवढं विचारेपर्यंत राउंड गेलेला असतो. उलटही तसंच. मेल्यावर ‘अरे, तिकडे, डावीकडे’ या कॉलचा कुणाला उपयोग नाही. जागेचं नाव, किती जण, कुणाला किती डॅमेज दिलं, एवढं बोलायचं आणि माइक सोडायचा.

तिसरं, एजंट, म्हणजे तू निवडतोस ते पात्र. एका टीममध्ये एक एजंट एकालाच मिळतो. फक्त जेट येत असेल आणि ती दुसऱ्यानं उचलली तर पुढची 40 मिनिटं तू पाहुणा. निदान दोन वेगळ्या कामांचे एजंट हवेत, आणि त्यातला एक स्मोक (समोरच्याची नजर अडवणारा धूर) लावणारा असलेला बरा, कारण ते काम सहसा कुणाला नको असतं. ब्रिमस्टोन सुरुवातीपासून फुकट मिळतो, त्याचे स्मोक नकाशावर बोट ठेवल्यासारखे टाकता येतात. तिथून सुरू कर.

नेमबाजी मुद्दाम शेवटी घेतली आहे. कच्च्या नेमाची काळजी रँकची पद्धत स्वतः घेते, ती तुला कच्च्या नेमाच्याच लोकांसमोर नेऊन बसवते. पैशांचं आणि नावांचं अज्ञान मात्र कुठल्याही रँकमध्ये चार जणांच्या डोक्यावर बसतं. फक्त दोन गोष्टी बघ. धावता धावता गोळी झाडतोस का? व्हँडलची एक गोळी डोक्यात लागली तर पूर्ण चिलखतवालाही कुठल्याही अंतरावरून पडतो, पण ती सरळ जायला आधी थांबावं लागतं. आणि माउसची सेन्सिटिव्हिटी दर दोन दिवसांनी बदलतोस का? 800 डीपीआयला 0.3 ते 0.5 मधला एक आकडा धर आणि महिनाभर हात लावू नकोस. प्रॅक्टिस रेंजमध्ये मध्यम वेगावर 30 पैकी 15 बॉट (कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू) सलग तीन दिवस पडत असतील तर आयर्न-ब्रॉन्झ या सर्वांत खालच्या रँकना पुरे.

मित्रांचं म्हणशील तर पाच जण असाल तर क्यू (सामन्यासाठीची रांग) लागते, दोन किंवा तीन असाल तरी लागते. चौघांची लागत नाही. तेव्हा एक जण जेवायला उठला की उरलेल्यांची गाडी अडते, हे आधी ठरवून ठेवा.

वर्ष झालं, अनरेटेडच खेळतो. तीनशेच्या वर सामने झाले. ऑफिसातले सगळे गोल्ड-प्लॅटिनम सांगतात आणि माझी रँक आयर्न आली तर, या भीतीनं बटण दाबवत नाही. आणखी किती सराव करू? — नोकरदार वाचक, मांजलपूर

आणखी अजिबात नको. तुमची चूक पहिल्या वाचकाच्या बरोबर उलट आहे, आणि खरं तर तीच जास्त महाग पडते. तीनशे सामन्यांनंतर अनरेटेड फारसं काही शिकवत नाही. समोरचा अर्ध्यात उठून जातो, कुणी नवा एजंट करून बघतोय, कुणी पोळी खात एका हातानं खेळतोय. तिथली हारजीत तुमचं माप सांगत नाही.

खेळ दोन आकडे ठेवतो. दिसतो तो आरआर, 0 ते 100. शंभर भरले की वरची पायरी. दुसरा एमएमआर, तो लपलेला असतो आणि तुमच्यासमोर कोण येणार ते तोच ठरवतो. पहिले पाच सामने प्लेसमेंटचे, म्हणजे सुरुवातीची रँक ठरवणारे, असतात. त्यानंतर मिळणारी रँक साधारण छुप्या आकड्याच्या थोडी खालीच ठेवलेली असते. म्हणून सुरुवातीला जिंकल्यावर जास्त आरआर मिळतात आणि हरल्यावर कमी जातात. 25 वाढले आणि 14 गेले असं दिसलं तर समजायचं, पद्धतीच्या मते तुमची जागा वर आहे. उलट दिसू लागलं तर रँक छुप्या आकड्याच्या पुढे गेली आहे.

आयर्न 1 पासून इमॉर्टल 3 पर्यंत 24 पायऱ्या आणि वर रेडियंट. यात पहिल्या पाच सामन्यांनी लागलेली जागा ही निव्वळ पहिली नोंद. दहा सामन्यांतही योगायोग बराच असतो: ज्याची जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी आहे, तोही दहापैकी तीन किंवा त्याहून कमी सामने जिंकेल, असं सुमारे 17 टक्के वेळा घडतं. म्हणून निदान 40-50 सामने होईपर्यंत ऑफिसात रँक सांगूच नका.

पाच प्लेसमेंट एका रात्रीत उरकू नका. एका संध्याकाळी दोन, फार तर तीन. आधी दहा मिनिटं रेंज, मग एक डेथमॅच. ती नऊ मिनिटांत किंवा कुणाचे 40 किल झाले की संपते. सलग दोन हरलात तर त्या दिवशी रँक्ड बंद. तिसरा सामना आपण आधीच्या दोन हारी भरून काढायला खेळतो आणि त्यात आधी जातो तो पैशांचा हिशेब.

एक फालतू वाटणारी तपासणी: नवा 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो खरंच 144 वर आहे का ते बघा. बऱ्याच घरी तो निमूटपणे 60 वर चालू असतो.

मुलगा बारावीत आहे. जेवायला हाक मारली की ‘आई, मॅच मध्येच सोडता येत नाही’ म्हणतो. हे खरं आहे की बहाणा? — एक आई, कारेलीबाग

खरं आहे. पण आपण समजता तेवढं बेमुदतही नाही. एका राउंडला 30 सेकंद खरेदी, नंतर फार तर 100 सेकंद खेळ, आणि स्पाईक (खेळातला बॉम्ब) लावला गेला तर तिथून 45 सेकंद. 12-12 होईपर्यंत जास्तीत जास्त 24 राउंड. बहुतेक सामने 35 ते 45 मिनिटांत संपतात, एकतर्फी झाला तर पंचविसात. 12-12 नंतर दोन राउंडची आघाडी लागते, तेव्हा तासही होऊ शकतो. मधूनच उठला तर उरलेल्या चौघांचा सामना जातो, त्याचे आरआर कापले जातात आणि काही काळ खेळायची बंदी येते. वारंवार झालं तर बंदी वाढत जाते.

म्हणून हाक सामन्याच्या मध्ये मारून उपयोग नाही, नियम सामना लावण्याआधीचा हवा. आपल्याकडे साडेआठला पानं वाढत असाल तर साडेसातनंतर रँक्ड लावायचं नाही. मधल्या वेळात खेळायचंच असेल तर स्विफ्टप्ले, तो पंधरा मिनिटांत होतो. सुरू असताना किती बाकी आहे हे विचारायचं असेल तर ‘किती वेळ?’ नको, ‘स्कोअर काय?’ विचारा. 11-4 असेल तर पोळ्या टाकायला घ्या. 7-7 असेल तर अजून वीसेक मिनिटं धरा.

आणि बारावीच्या वर्षाला रँक्ड सुरू करायचं का, याचं उत्तर खेळात नाही. रोज सलग एक तास मोकळा मिळत नसेल तर करू नये, एवढंच सांगता येईल.

कॅफेत एक जण लेव्हल 20 चं तयार अकाउंट विकतो. घ्यावं का? — वाचक, सयाजीगंज

नाही. अकाउंट विकणं-घेणं व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीच्या अटींत बसत नाही, पकडलं गेलं की बंद. शिवाय ज्यानं ते मुळात उघडलं तो ईमेलच्या जोरावर कधीही परत मागवू शकतो. आणि त्या अकाउंटचा छुपा आकडा दुसऱ्याच्या हाताचा असतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमच्यासमोर चुकीची माणसं येणार.

बीजीएमआयमध्ये क्लासिक लावलं की रँक आपोआप सुरूच होते. मग थांबायचं कसं? — वाचक, रावपुरा

थांबू नका. खालच्या टियरमध्ये समोर बरेचसे बॉट असतात, त्यामुळे ब्रॉन्झ-सिल्व्हर हाच तिथला सराव वर्ग. खरी माणसं वाढू लागतात तेव्हा तुम्हाला आपसूक कळेल; उतरल्या उतरल्या मरू लागाल.

पिंग 25 दिसतो, तरी मधूनच माणूस थिजतो आणि मी मेलेला असतो. असं इंटरनेट घेऊन रँक्ड खेळावं का? — वाचक, वाघोडिया रोड

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. पिंग म्हणजे खेळाच्या मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. बडोदा ते मुंबई सुमारे 400 किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद. 25 मधले बाकीचे वाटेतल्या यंत्रांत आणि तुमच्या घरात खर्च होतात. पण सरासरी 25 ला अर्थ नाही, मधले झटके मारतात.

व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ, मग स्टॅट्स, तिथे पॅकेट लॉस (वाटेत गळलेला डेटा) आणि नेटवर्क आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) यांचा आलेख चालू करा. मग खेळ बंद करून सीएमडी (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा (इंग्रजी अक्षरांत), डिफॉल्ट गेटवेचा आकडा टिपून घ्या आणि त्याला शंभर वेळा पिंग करा: ‘पिंग’, तो आकडा, ‘-एन 100’. ही वाट फक्त तुमच्या राउटरपर्यंतची आहे. केबलवर प्रत्येक उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवं. वायफायवर 3, 4, 87, 5, 140 असं दिसलं तर चोर घरातच सापडला. जुन्या वाड्यांत आणि पोळांत शेजारच्या दहा घरांचं 2.4 गिगाहर्ट्झ एकमेकांत मिसळतं. 5 गिगाहर्ट्झवर या, किंवा सरळ कॅट 6 ची केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंधरा पुरतील. राउटरपर्यंत स्वच्छ आणि 8.8.8.8 ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग केल्यावर उत्तरं गळत असतील तरच इंटरनेटवाल्याला फोन करा, आणि हे दोन्ही निकाल त्याला वाचून दाखवा. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात तर तो राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल.

वीज जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, पण आधी अॅडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की 9 ते बघा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा. हे सगळं लॅपटॉप असेल तरच कामाचं. डेस्कटॉपचा साधा यूपीएस गेमिंग पीसीला काही मिनिटंच पुरतो, सामना संपवत नाही.

सलग तीन दिवस संध्याकाळी, म्हणजे तुम्ही एरवी खेळता त्याच वेळी, शंभरपैकी एकही उत्तर गळलं नाही की रँक्ड लावा. उत्तरायणचे दोन दिवस मात्र नको. 14 आणि 15 जानेवारीला गच्च्यांवरून गेलेल्या केबलींत मांजा अडकतो आणि सोडवणारा पतंगाबरोबर केबलही ओढतो. त्या दिवशी प्लेसमेंट लावून बसण्यापेक्षा गच्चीवर जावं.