थ्री कार्ड पोकरमध्ये पानं कधी टाकायची?

पणजीच्या कॅसिनोत थ्री कार्ड पोकर खेळताना कुठल्या पानांवर पुढे जावं, असं विचारलंय. राणी-सहा-चार किंवा त्याहून वरचं असेल तर खेळा. राणी-सहा-तीन आलं तरी पॅक करा, म्हणजे पानं टाका, राणी बघून हात सुटत नाही हे खरं. तीन पानांच्या 22,100 डावांपैकी 16,440 कोरे असतात, साधी जोडीसुद्धा नाही.

आमच्या बेळगावात गणपतीच्या जागरणाला तीनपत्तीत ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता खेळणं, चालतो, तो इथे नको. नीट खेळलात तर 100 रुपयांच्या अँटीमागे (पानं बघण्याआधी लावायचे पैसे) सरासरी 3 रुपये 37 पैसे जातात, ब्लाइंड खेळून साडेसातच्या वर. गोव्याकडे चोर्ला घाट उतरण्याआधीच किती हरायचं ते वेगळं काढा, एटीएम कार्ड गाडीतच ठेवा.