औषध नंतर, आधी पाणी तपासा

प्रश्न : महिन्यापूर्वी दोन फुटी टाकी (60 × 30 × 30 सेंमी) घेतली आणि दुसऱ्याच दिवशी चार गोल्डफिश सोडले. आता ते सारखे वर येऊन धापा टाकतात, कल्ले लालभडक दिसतात. सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला, तर दोन दिवसांत तब्येत आणखी बिघडली. कोणतं औषध घालू?

उत्तर : सध्या कोणतंच नको. ही लक्षणं रोगापेक्षा अमोनियाची जास्त वाटतात. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सतत पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू मुख्यतः स्पंजवर आणि खडीवर वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे मासे आधी आले. जिवाणूंचा थोडाफार जम बसला असेल, तोही नळाच्या क्लोरीनने गेला.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) मोजणारं थेंबांचं टेस्ट किट आणा. ओल लागलेल्या पट्ट्यांवर विसंबू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) आत, 20च्या आत असेल तर उत्तम. अमोनियाचा आकडा पीएचसोबतच वाचायचा असतो. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी पीएच 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणूनच एका टाकीत मासे तग धरतात आणि तोच आकडा असलेल्या दुसऱ्या टाकीत मरतात.

आता करायचं ते असं. दोन दिवस खाणं बंद. धडधाकट गोल्डफिशला त्याने काही होत नाही. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, एकदम सगळं नाही. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं हवं आणि ओतण्याआधी त्यात क्लोरीन काढणारं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात मिसळा. पाणी रात्रभर बादलीत ठेवलं तर साधा क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातो, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते असं जात नाही. अमोनिया 0.25 पीपीएमच्या खाली टिकेपर्यंत हा क्रम मोडू नका.

महिनाभराच्या टाकीत नायट्राइट वाढलेलं असण्याचीही दाट शक्यता असते. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, म्हणून पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो आणि कल्ले तपकिरी पडतात. किटमध्ये नायट्राइट दिसलं तर लिटरला 1 ग्रॅम साधं, काही न मिसळलेलं मीठ घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तुमची टाकी हिशेबाने 54 लिटरची, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी 45 लिटरच्या आसपास भरेल, म्हणजे 45 ग्रॅम. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत ओता. पुढे 12 लिटर पाणी बदललं की 12 ग्रॅमच घालायचं. नुसतं आटलेलं पाणी भरून काढताना मीठ नको, कारण पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं.

यापुढे स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, तोही नुसता दोन-तीनदा पिळून. शिवाय चार गोल्डफिशना ही टाकी लहान आहे. मोठी टाकी घेता येत नसेल तर मासे मोठ्या टाकीवाल्याकडे द्या, नाहीतर हेच दुखणं परत येईल.

प्रश्न : मॉलीच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते. औषधाने तीन दिवसांत गेले, म्हणून थांबवलं. आठवड्याने दुप्पट ठिपके! टाकीत कोरीडोरसही (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आहेत.

उत्तर : ठिपके गेले म्हणजे ते आणणारा परजीवी मेला असं नाही, तो मासा सोडून खाली पडला. तळाशी तो कवच करून विभागतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येऊन नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या अवस्थेवरच. कातडीखाली किंवा कवचात असताना फारसं नाही. तुम्ही थांबवलंत तेव्हा नेमकी पुढची फळी बाहेर पडायची होती.

म्हणून उपचार पूर्ण टाकीला, 10 ते 14 दिवस, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान तीन दिवस. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी 29–30 अंश सेल्सिअसपर्यंत न्या. त्याने परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं आणि तो औषधाच्या तावडीत लवकर येतो. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा हवा वाढवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. बऱ्याच जणांचं औषध इथेच वाया जातं. प्रत्येक मात्रेआधी नळीने तळाची खडी ओढून साफ करा.

कोरीडोरसना मीठ आणि मॅलाकाइट ग्रीन (ठिपक्यांच्या बऱ्याच औषधांत असणारं रसायन) दोन्ही जपून. अशा माशांसाठी बाटलीवर कमी मात्रा दिलेली असेल तर तीच पाळा. तांबं असलेलं औषध गोगलगायी आणि कोळंबी असलेल्या टाकीत घालू नका.

जाता जाता गोल्डफिशवाल्यांसाठी : नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे दिसले तर ती वयात आल्याची खूण आहे. त्याला औषध देऊ नका.

प्रश्न : गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा होऊन तरंगतो.

उत्तर : दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा छोटा तुकडा. नंतर बुडणारं खाणं द्या, तेही भिजवून. मात्र पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर आत जलोदर झालेला असतो आणि बरा होण्याची आशा फार थोडी असते. अशा माशाला वेगळं, स्वच्छ पाणी द्या.

प्रश्न : नव्या टाकीचं पाणी दुधाळ झालंय. सगळं बदलू का?

उत्तर : नको. बहुधा ही पाण्यात मोकळ्या वाढलेल्या जिवाणूंची गर्दी आहे, काही दिवसांत आपोआप निवळते. खाणं निम्मं करा आणि अमोनिया मात्र रोज मोजा.